लांबड्याचा श्रावण

ज्या देशात साप औषधालाही सापडत नाही, त्या देशात माझ्या नातीने दुकानात जाऊन साप आणला होता. मी तिथल्या मलिंगार गावी लेकीच्या घरी उतरले तोवर हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पिशवी ठेवायला म्हणून वर नातीच्या खोलीत गेले, तर खिडकीशी काचेची पेटी आणि त्यात केशरी ठिपक्यांचं, दोन हात लांबीचं जनावर. पिशवी हातातून सुटली. सांगलीहून जपून आणलेल्या चकल्यांचा चुरा झाला तो झालाच.

आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. लांबडं म्हणतात. नातीने त्याला एक लाडाचं इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते मी कधी घेतलं नाही. तो बिनविषारी आहे, स्वभावाने गरीब आहे, असं लेकीने मला दोनदोनदा समजावलं. मी म्हटलं, बिनविषारी असेल, पण बिनदाताचा आहे का? लेक डॉक्टर आहे. तिने सरळ सांगितलं की दात आहेत, पण बारीक.

मी फेब्रुवारीत आले होते, तीन महिन्यांसाठी. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि मी अडकले. लेक तिथल्या सरकारी हॉस्पिटलात. सकाळी जायची ती रात्री यायची, आली की दारातच कपडे बदलून न्हाणीघरात शिरायची. जावई लेटरकेनीच्या हॉस्पिटलात, गाडीने तीन तास लांब. कौंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर, जायला बंदी, त्यामुळे त्याचं तोंड फक्त फोनवर दिसायचं. उरलो मी आणि बारा वर्षांची नात. तिची शाळा लॅपटॉपवर भरायची. मी मराठीत विचारायची, तिला सगळं कळायचं, आणि उत्तर यायचं इंग्रजीत. जेवलीस का विचारलं तर ‘आयम ग्रँड’, म्हणजे माझं बरं आहे, झोपलीस का तरी ‘आयम ग्रँड’. बाकीचं सगळं बोलणं त्या लांबड्याशी. मनगटाला गुंडाळून घ्यायची आणि तासन् तास कुजबुजत बसायची. खरं सांगायचं तर मला त्या मेल्या सापाचा हेवा वाटायचा.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी तीस वर्षं सांगलीत कॉलेजच्या मुलांची मेस चालवली. दोन्ही वेळेला चाळीस ताटं. बुधवारी आणि रविवारी मटण किंवा अंडी, एरवी शाकाहारी, आणि श्रावणात महिनाभर वशाट बंद म्हणजे बंद. मुलं कुरकुरायची, बाहेर जाऊन खाऊन यायची, पण माझ्या चुलीवर श्रावणात कधी मांस चढलं नाही. नवरा गेला त्या वर्षीही नाही. माझा स्वभाव तापट आहे आणि हट्टी आहे, हे सांगलीत कुणालाही विचारा.

जूनच्या शेवटी कौंटीची बंदी उठली. बापलेकीची चार महिने भेट नव्हती, म्हणून नातीने जुलैच्या मध्यापासून शाळा उघडेपर्यंत लेटरकेनीला राहायचं ठरलं. तिला बापाकडे जायचं होतं, पण लांबड्याला सोडून जाववत नव्हतं. लेकीला तर स्वतःचं जेवण गरम करायचंही त्राण नसायचं. मग नात माझ्याकडे आली. पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागायला आली होती, त्यामुळे मी पुढचा मागचा विचार न करता हो म्हणून बसले.

तिने मला सगळं शिकवलं. फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात गोठवलेले उंदीर असायचे, एकेक वेगळ्या पिशवीत. दर शुक्रवारी एक काढायचा, मगातल्या कोमट पाण्यात मऊ होऊ द्यायचा, लांब चिमट्यात धरून पुढे करायचा. हात आत घालायचा नाही. तिने स्वतः करून दाखवलं. लांबडं हळू पुढे आलं, जीभ दाखवली, उंदीर शिस्तीत उचलला. माझ्या मेसमधली निम्मी मुलं याच्याकडून शिकली असती तर बरं झालं असतं. मग तिने एक कागद लिहिला, त्यावर शुक्रवार मांडले, प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन काढला आणि स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दाराला आतून चिकटवला. प्रेस म्हणजे तिकडे कपाट. जाताना दारात मला मिठी मारून गेली.

आणि मग मी कॅलेंडर पाहिलं. मंगळवारपासून श्रावण लागत होता.

अगं बाई, आता काय करायचं? तिथे ना सोमवारची देवळं, ना शेजारची हळदीकुंकवं. श्रावण असा अंगावर येतच नाही, म्हणून माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता माझ्या हाताने, त्याच स्वयंपाकघरात, जिवतीच्या शुक्रवारी उंदीर भिजत घालायचा? मी दोन दिवस तळमळले. मग लेक ड्युटीवरून आली तेव्हा सहज विचारावं तसं विचारलं, काय गं, साप किती दिवस उपाशी राहू शकतो? ती बूट काढत होती. महिनाभर आरामात राहतो आई, असं म्हणून ती वर निघून गेली. मला तेवढंच हवं होतं. मी मनात म्हटलं, या घरात राहतो ना, मग धरू दे त्यानेही श्रावण.

पहिल्या शुक्रवारी मी छापून घेतलेला जिवतीचा कागद भिंतीला लावला, पूजा केली, फुटाणे नव्हते म्हणून भाजलेले चणे आणि गूळ ठेवला. जिवतीची पूजा लेकराबाळांच्या आयुष्यासाठी करतात. नात समोर नव्हती, म्हणून फोनवर तिचा चेहरा समोर घेतला आणि त्याला ओवाळलं. ती हसली. मग तिने विचारलं, त्याने खाल्लं का? माझ्या हातात औक्षणाचं तबक होतं, निरांजन जळत होतं. मी म्हटलं, खाल्लं.

फोन ठेवून मी कपाट उघडलं आणि कागदावर बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. पाटावर गंधाने नाग काढला, त्याला लाह्या आणि दूध दाखवलं, चिरायचं नाही म्हणून विळीलाही हात लावला नाही. वर जिवंत साप आठ दिवसांचा उपाशी. हे सगळं मी मन लावून केलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच मला अजून खटकतं.

अशा पाच शुक्रवारी पाच खुणा झाल्या. चौथ्यानंतर श्रावण संपला तर लगेच पाचव्या शुक्रवारी हरतालिका आली, तिच्या मागोमाग गणपती. मी रोज पेटीतलं पाणी बदलायची. शेवटीशेवटी ते लांबडं काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहायचं आणि मी जवळ गेले की मान उचलून माझ्या बोटांकडे बघायचं. मला वाटलं, ओळखायला लागलं.

नात ऑगस्टच्या अखेरीस परत आली. बूटही न काढता जिन्यावरून धावत वर गेली, झाकण सरकवलं आणि सवयीप्रमाणे हात आत घातला. मी मागोमाग पोचले तेव्हा लांबड्याने तिचा अंगठा धरला होता आणि मनगटाला दोन वेढे घातले होते. उंदराला धरतं तसं धरलं होतं. ती ओरडली नाही. तिने हात तसाच बेसिनपाशी नेला, गार पाणी सोडलं, त्याने तोंड सोडलं. रक्त फार नव्हतं, टाचणीने टोचावं तसे बारीक ठिपके. पण त्याला पेटीत ठेवल्यावर ती जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. मी सोडून गेले म्हणून तो मला विसरला, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. दीड वर्षात तो तिला एकदाही चावला नव्हता.

तिथेच मी तोंड उघडायला हवं होतं. मी हळद आणायला खाली गेले.

पुढचे पंधरा दिवस त्या पेटीजवळ जायची सोय राहिली नाही. झाकण हललं की लांबडं झेपावायचं. काचेवर तोंड आपटायचं. शुक्रवारी उंदीर पुढे केला तर उंदराऐवजी चिमट्याचाच चावा घ्यायचं. एका संध्याकाळी लेक पाण्याची वाटी उचलायला गेली आणि तिचं बोट सापडलं. ती बारा तासांची ड्युटी करून आलेली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बोटांनी तिला काम करायचं होतं. तिने जखम धुतली, पट्टी बांधली आणि अगदी शांतपणे सांगितलं की नाताळपर्यंत हा प्रकार थांबला नाही तर साप या घरात राहणार नाही. शिवाय नातीला चार शब्द ऐकवले, जनावर पाळायचं तर त्याची शिस्त ठेवता यायला हवी, हौस म्हणून पाळायचं नसतं. पोरीने मान खाली घालून ऐकून घेतलं. मी भाकरी थापत होते. लेकीपुढे मी कधी घाबरले नाही आयुष्यात, पण त्या दिवशी मी भाकरीवरून मान वर केली नाही.

चुकीची कबुली देण्यापेक्षा चूक निस्तरणं सोपं, असं मी स्वतःला पटवलं. आणि खरं सांगते, भुकेलेल्यांना कसं आवरायचं हे मला कुणी शिकवायला नको होतं. मेसच्या पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघराचं दार फक्त वाढायच्या वेळी उघडायची. साडेसातला कडी वाजली की चाळीस मुलं दारावर तुटून पडायची. एकदा त्या रेटारेटीत एका पोराने गरम आमटीच्या पातेल्यातच हात घातला. तेव्हापासून मी दार दिवसभर उघडझाक करायला लागले. पाचला पाण्याची घागर ठेवायला, सहाला वर्तमानपत्र द्यायला, कधी नुसतंच. महिन्याभरात पोरांच्या अंगवळणी पडलं की दार उघडलं म्हणजे जेवण आलं असं नाही. मग कुणी उठेना.

मी नातीला हे सांगितलं. तिने फोनवर काहीतरी वाचून काढलं होतं, तेही असंच होतं. साप हाताला चावत नाही, जेवणाला चावतो. झाकण उघडलं की त्याला खाणंच आठवतं, तर ते आधी विसरायला लावायचं. दुसरं म्हणजे, हात लावण्याआधी काठीने अंगाला हलकासा स्पर्श करायचा, म्हणजे त्याला कळतं की हे जेवण नव्हे. तिला दुकानातली खास आकडी मागवायची होती. मी म्हटलं, थांब, आणि जुनी लाकडी पळी तिच्या हातात दिली.

सप्टेंबर, ऑक्टोबर आम्ही दोघींनी तेच केलं. सकाळी ती शाळेत गेली की मी वर जायची. झाकण उघडायचं, दहा आकडे मोजायचे, बंद करायचं. दिवसातून आठ-दहा वेळा. सुरुवातीला ते दर खेपेला झेपावायचं आणि मी दर खेपेला दोन पावलं मागे उडायची, त्याला शिव्या घालायची. मग पळीचा दांडा पाठीवरून, डोक्यापासून लांब. आधी ते दांड्यालाच चावलं. मी पळी ओढली नाही, सोडेपर्यंत तशीच धरून उभी राहिले. दुपारी नात आली की तिची पाळी. हात दोघी साबणाने घासून धुवायचो, कारण आम्ही हाताने जेवणारी माणसं, रविवारच्या रश्श्याचा वास संध्याकाळपर्यंत बोटांना राहतो. खायला शुक्रवारीच, न चुकता, आणि त्यानंतर दोन दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. काय बाई ते पथ्य. जावयाचाही इतका मान कुणी ठेवला नसेल.

या सगळ्यात नात माझ्याशी बोलायला लागली. इंग्रजीतच, पण भरपूर. शाळेतल्या मैत्रिणी, मास्क लावून बसायचा कंटाळा, बाप आठवतो ते. बोलताना तिचा हात माझ्या खांद्यावर असायचा. पण रोज केव्हा ना केव्हा ती म्हणायची, मी गेले नसते तर असं झालं नसतं. आणि मी म्हणायची, असू दे गं. ‘असू दे’ म्हणायला मला काय जात होतं? खुणांचा तो कागद कपाटाच्या दाराला तसाच होता. साखरेचा डबा काढताना रोज दिसायचा. काढून टाकायचीही हिंमत होत नव्हती.

ऑक्टोबरात पुन्हा सगळं बंद झालं, शाळा तेवढ्या चालू राहिल्या. नोव्हेंबरच्या मध्यावर लांबडं झाकण उघडल्यावर नुसतं मान उचलून बघायला लागलं. पळी लागली की अंग सैल सोडायचं. मग एक दिवस नातीने हात घातला आणि ते पूर्वीसारखं तिच्या मनगटावर चढलं. ती श्वास रोखून उभी राहिली, मीही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी हसलो.

डिसेंबर लागला. एका रविवारी लेकीला सुट्टी होती. ती स्वतःच वर आली, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, बघू दे. झाकण उघडलं, पळी लावली, पाण्याची वाटी काढली, परत ठेवली. लांबड्याने ढुंकूनही पाहिलं नाही. बरं, राहू दे, म्हणाली. नातीने आईला मिठी मारली. मग लेक जाताजाता तिला म्हणाली की बघ, लक्ष दिलं की होतं, आधीच दिलं असतंस तर कुणाला चावला नसता. ती बोलायची म्हणून बोलली. पोर ‘सॉरी मम्मी’ म्हणाली.

हे मात्र माझ्याने ऐकवेना. तिची आई खाली गेल्यावर मी दार लावलं आणि पलंगावर बसले. साठी उलटलेली बाई मी, बारा वर्षांच्या पोरीपुढे कबुली देत होते.

‘‘श्रावणात मी त्याला एकदाही खायला दिलं नाही,’’ मी म्हटलं. ‘‘कागदावरच्या खुणा खोट्या आहेत. तो तुला चावला तो माझ्यामुळे. तुझी काही चूक नव्हती.’’

ती लांबड्याला पेटीत ठेवत होती. झाकण सरकवून, खिट्टी लावून मग वळली. तिचं इंग्रजी मी माझ्या मराठीत लिहिते आहे, पण ती बोलली ते असंच बोलली.

‘‘मला माहीत आहे, आज्जी. मी जाताना डब्यात सहा उंदीर ठेवले होते. आले तेव्हा सहाच होते.’’

चोरी झाकायची तर डबा उघडून उंदीर टाकून द्यायला हवे होते, आणि श्रावणात त्या डब्याला हात लावायचा नाही म्हणून तर सगळं रामायण झालेलं. म्हणजे आल्याच्या पहिल्याच दिवशी, अंगठ्याला पट्टी बांधून उंदीर काढायला गेली तेव्हाच तिला कळलं होतं. तीन महिने तिला माहीत होतं. मी विचारलं, मग आईची बोलणी का खाल्लीस? रोज माझं चुकलं, माझं चुकलं का म्हणत होतीस?

तिने खांदे उडवले. एप्रिलमध्ये आई तुला काय म्हणाली होती ते मी जिन्यात बसून ऐकलं होतं, म्हणाली. मला आधी आठवेचना. मग आठवलं. मी मास्क न लावता शेजारणीला वड्या देऊन आले होते, त्यावरून आम्हा मायलेकींचं कडाक्याचं वाजलं होतं आणि लेक म्हणाली होती, पहिलं विमान सुटलं की जा बाई तू. आमच्यात असं नेहमीच होतं. दोघी तोंडाच्या फटकळ. दुसऱ्या चहाला आम्ही ते विसरूनही गेलो होतो.

‘‘आईने त्याला घालवलं असतं तर मी त्याच्यासाठी घर शोधून ठेवलं होतं,’’ नात म्हणाली. ‘‘डंडॉकला एक बाई आहेत, त्यांच्याकडे पाच साप आहेत, त्या घेणार होत्या. तुला घालवलं असतं तर तू कुठे गेली असतीस?’’

मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मला लाज वाटत होती. ज्या पोरीच्या आयुष्यासाठी मी दिवा ओवाळला होता, ती माझ्यापायी तिचा साप द्यायला निघाली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी उठले. खाली जाते, आईला सांगते, असं म्हटलं. ती नको नको म्हणत मागे आली, पण मी थांबले नाही.

लेक ओट्याशी चहा गाळत होती. मी कपाट उघडून कागद काढला, तिच्यापुढे ठेवला आणि श्रावणापासूनचं सगळं सांगितलं, फोनवर ओवाळताना काय बोलले तेही. तिने गाळणं खाली ठेवलं. मग ती जे बोलली त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. मी मधे एकदाही बोलले नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा. नात जिन्यातून खाली आली, माझा हात धरला, आणि तिची आई बोलायची थांबेपर्यंत माझ्या शेजारी उभी राहिली.